रुपचंदच्या डोळ्यातला दोरा

अल्बमला हात लावण्याआधी तोताराम व्याह्यांनी साबणाने दोनदा हात धुतले. जेवणात वांग्याचं भरीत आणि पुऱ्या होत्या, वर खापरावरची पुरणपोळी आणि तुपाची वाटी, तेव्हा एकदा धुणं भागच होतं. दुसऱ्यांदा धुतले ते मुलाच्या लग्नाचे फोटो बघण्याचा पहिला मान कोणाचा, हे मोतीलालच्या बैठकीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून. तेवढ्यासाठी ते पहूरहून जळगावला आले होते, कडक इस्त्रीचं जाकीट घालून.

"आणा," असं म्हणून ते मांडी घालून बसले.

रुपचंदने अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला. लग्न होऊन महिना झाला होता. नवरा-नवरी पुण्याला नोकरीच्या गावी गेली होती आणि मागे उरलेल्या वडीलधाऱ्यांना आता फोटोंशिवाय दुसरा उद्योग नव्हता. रुपचंदचा स्टुडिओ धुळ्याला, पण रंगीत रोल तो जळगावच्या लॅबला धुवायला देई, आणि लॅबवालाच फोटो चिकटवून अल्बम बांधून देई. आज सकाळी तो तिथून उचलून रुपचंद बायकोसह थेट थोरल्या भावाच्या, मोतीलालच्या घरी आला होता. स्वतः त्याने तो उघडलाही नव्हता. "आधी व्याह्यांनी बघावा," असं तो म्हणाला, तेव्हा सगळ्यांना त्याची रीतभात फार आवडली. अक्काला तर भरून आलं होतं. पुढे कितीतरी दिवस या भरून येण्याचाच तिला राग येत राहिला.

अक्का म्हणजे केसरबाई, दोघा भावांची थोरली बहीण. साक्रीच्या शाळेत तिने एकतीस वर्षं पहिली-दुसरीला शिकवलं. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा दोन्ही भावांची घरं ती वर्गासारखीच चालवायची. कोणाशी बोलायचं नाही हे मोतीलाल ठरवायचा आणि कधीपासून बोलायचं ते अक्का. या लग्नात तिने दोघा भावांचा तीन वर्षांचा अबोला मोडला होता. अबोल्याचं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. रुपचंदने स्टुडिओच्या काचेत मोतीलालचा एक जुना फोटो लावला होता: साल एकाहत्तर, खाली झाडू मारत जाणारी घोळदार पॅंट, काळा चष्मा, हातात स्टुडिओची बिनतारेची गिटार. मोतीलाल आता जळगावच्या एका कचेरीत हेडक्लार्क होता. त्याचे साहेब कामानिमित्त धुळ्याला गेले, त्यांनी तो फोटो पाहिला आणि सोमवारी सगळ्या टेबलांसमोर विचारलं, "काय हो, अजून वाजवता का?"

तीन वर्षं बोलणं बंद. शेवटी अक्काने फर्मान काढलं की मोतीलालच्या मुलीच्या, यशोधराच्या लग्नाचे फोटो तिचा काकाच काढेल, आणि दोघं एकमेकांशी बोलतील. दोन्ही गोष्टी झाल्या. त्यातली पहिली कशी झाली, ते आता तोताराम बघत होते.

पहिलं पान उलटलं. तोतारामांनी अल्बम डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला.

"त्या दिवशी धुकं पडलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"जानेवारीच होती की," मोतीलालची बायको सुंदरबाई म्हणाली, आणि वाकून बघताच मागे सरकली.

बुद्धमूर्तीपुढच्या मेणबत्त्या कोणत्या आणि फुलं कोणती, ते ओळखू येत नव्हतं. दुसऱ्या पानावर नवरा-नवरी दुधात पडल्यासारखी दिसत होती. त्यांच्या मागच्या रिकाम्या खुर्चीवरचं मंडपवाल्याचं नाव मात्र स्वच्छ वाचता येत होतं. तिसऱ्या पानावर एक जाकीट होतं. जाकिटावर हार होता. हाराच्या वर मंडपाचं कापड होतं.

"हा कोण?" तोतारामांनी विचारलं.

"तुम्हीच की, व्याही," सुंदरबाई म्हणाली.

"कशावरून?"

"जाकीट."

"जाकीट माझंच आहे. मग माझं डोकं कुठे गेलं?"

रुपचंद आनंदाने म्हणाला, "पुढच्या पानावर असेल ना."

पुढच्या पानावर एक कान होता.

अक्का हे कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बघत होती. तिचं लक्ष अल्बमकडे कमी आणि रुपचंदकडे जास्त होतं. तो फोटोंकडे बघतच नव्हता. माणसांच्या तोंडांकडे बघत होता, तेही जरा बाजूला, जणू प्रत्येकाच्या कानामागे कोणी उभं आहे. "रंग कसे आलेत?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. "लाल चांगला उठलाय ना?"

"मुद्दाम केलंय यानं!" मोतीलाल उठून उभा राहिला. "तीन वर्षं मनात धरून बसला होता. माझ्या एकुलत्या पोरीचं लग्न, आणि व्याह्यांचं मुंडकं छाटलं! अक्का, तूच म्हणत होतीस ना, काकालाच काढू दे?"

"बस खाली," अक्का म्हणाली.

"बसणार नाही. याला विचार, कशाचा सूड घेतलास म्हणून."

"सूड कसला?" सुंदरबाईने आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हळदीच्या दिवशी भाऊजी मंडपाच्या खांबाला धडकले होते. मी पाहिलं होतं. बोलले नाही."

सगळे रुपचंदकडे बघायला लागले. त्याची बायको द्रौपदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने पदराचं टोक तोंडात धरलं.

"हो," रुपचंद म्हणाला. "प्यालो होतो."

रुपचंद दारू पितो हे ऐकून अक्काला जेवढा धक्का बसला, तेवढा मोतीलाल गिटार वाजवतो हे ऐकूनही बसला नसता. पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला आवाज चढवणारा हा माणूस. खोकल्याचं औषधसुद्धा बाटलीवरचं वाचून घ्यायचा.

तोतारामांनी अल्बम बाजूला ठेवला. "कुठली?"

"अं?"

"कुठली प्यायला होतात, म्हटलं."

रुपचंद गडबडला. "लाल," तो म्हणाला.

तोतारामांचा चेहरा उजळला. डोकं गेल्याचं दुःख ते क्षणात विसरले. "अहो, मग आधी सांगायचं! लग्नघरात होतं असं. माझ्या धाकट्या भावाच्या लग्नात मीच आमच्या वरातीऐवजी दुसऱ्याच्या वरातीत नाचलो होतो. इकडे या, इथे बसा." त्यांनी सरकून जागा केली आणि रुपचंदच्या गुडघ्यावर हात ठेवला. ज्यांच्यासाठी सकाळपासून भरीत भाजलं, पुरण वाटलं, ते व्याही आता आपल्या नालायक भावाच्या मांडीला मांडी लावून बसलेले बघून मोतीलालला काय करावं कळेना. त्याने पंखा बंद केला.

अक्का उठून स्वयंपाकघरात गेली. द्रौपदा स्वच्छ झालेलं पातेलं पुन्हा घासत होती.

"कधीपासून पितो तो?"

"पीत असते तर बरं झालं असतं, अक्का," द्रौपदा म्हणाली आणि पातेलं खाली ठेवलं.

मग ती जे बोलली ते एका दमात. दिवाळीपासून रुपचंदच्या कॅमेऱ्यात काळा दोरा दिसायला लागला होता. त्याने भिंग पुसलं. काच पुसली. मग भिंगाला बुरशी लागली असं ठरवून कॅमेरा नाशिकच्या कारागिराकडे पाठवला. कारागिराने काही नाही म्हणून परत पाठवला. रुपचंदने त्याला आंधळा म्हणून शिव्या घातल्या आणि कॅमेरा पुन्हा पाठवला. तिसऱ्या वेळी कारागिराने चिठ्ठी लिहिली: साहेब, कॅमेरा चांगला आहे, कृपया पाठवू नये.

"आणि शुगर? ती निघाली होती ना त्याला?"

"थोडीशीच आहे म्हणतात. तोंड गोड लागलं की गोळी घेतात."

"तोंड गोड लागलं की!" अक्का म्हणाली. तिची स्वतःची गोळी कमरेच्या पिशवीत असे, ती रोज न चुकता घेई, आणि गोळी घेतली म्हणून दोन पुरणपोळ्याही हक्काने खाई. आजही खाल्ल्या होत्या. पण हा विचार तेव्हा तिच्या मनात आला नाही.

तिने रुपचंदला परसात हौदाजवळ बोलावलं. घरात व्याह्यांसमोर सगळे शुद्ध बोलत. इथे कोणी नव्हतं, तेव्हा घरची बोली आली.

"मनाकडे दख," स्वतःच्या कपाळाकडे बोट दाखवत ती म्हणाली.

"दखी ऱ्हायनू ना."

"मना कपायवर काय शे?"

रुपचंदने मान हलवली, जसा माणूस माशी हाकलतो. "दोरा शे," तो हळूच म्हणाला. "काळा. कपायवरथून आते नाकवर उतरना."

"कॅमेरा कोठे शे तुना?"

"धुळाले. पेटीमा."

"मंग दोरा कॅमेरामा कसा ऱ्हाई? तुना डोयामा शे तो, रुपचंद."

"मले माहीत शे," तो म्हणाला.

अक्काने हौदाच्या कठड्याला हात टेकला. तिला वाटलं होतं, आपण काहीतरी शोधून काढलं.

"कारागीरनी चिठ्ठी वनी तवयच समजनं," रुपचंद म्हणाला. "उजवा डोयामा धूरच धूर शे. डावाना भरवसावर फोटो काढस मी. बेवडा फोटोग्राफर चालस लोकेस्ले, अक्का. पुढला लगीनले बलावतस. आंधयाले कोण बलावई?" त्याने हौदातलं पाणी उगाच ढवळलं. "मायसारखं व्हई ऱ्हायनं. मले मायसारखं भिंत धरीसन चालनं नही."

त्यांची माय पार्वताबाई शेवटची नऊ वर्षं भिंत धरून चालली. साक्रीच्या घराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर तिच्या हाताचा एक गुळगुळीत पट्टा पडला होता. डोळे कशाने गेले, याचा निकाल घरात केव्हाच लागला होता: चुलीच्या धुराने. आणि चूल तिने फुंकली, कारण थोरली पोरगी चूल फुंकायच्या वयात शाळेत जात होती. हे आत्या सांगायची. तेराव्या वर्षी अक्काने ते पहिल्यांदा ऐकलं, पुढे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मयतीत ऐकलं. "तुझ्या शिक्षणाला तुझ्या आईचे डोळे लागले." आत्या मेली, तरी वाक्य राहिलं. अक्काने ते कोणाला बोलून दाखवलं नाही. फक्त साक्रीच्या घरात तिने नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात स्टोव्ह आणला होता, मायला काहीच दिसेनासं झाल्यानंतर.

"कोणले सांगू नको," रुपचंद म्हणाला. "मनी आन शे तुले."

"नही सांगत," अक्का म्हणाली आणि सरळ बैठकीत गेली.

"रुपचंद पीत नाही," तिने मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात जाहीर केलं. "त्याला दिसत नाही. एका डोळ्याने धूर आणि दुसऱ्याने दोरा."

रुपचंद मागोमाग आला, तो दारातच खिळला. पहिली हालचाल तोतारामांची झाली. "म्हणजे पीतच नाही?" ते म्हणाले. त्यांचा आवाज फार उतरला होता.

मग सगळे एकदम बोलायला लागले. सुंदरबाई म्हणाली, मोतीबिंदू असेल, पिकू द्या, मग काढतात. तोताराम म्हणाले, पहूरला एक जण डोळ्यात मध घालतो, त्यांच्या मावसभावाला फरक पडला होता. मावसभाऊ आता कुठे आहे असं अक्काने विचारलं तर म्हणाले, घरीच असतो, बाहेर जाता येत नाही. सुंदरबाई म्हणाली, भाऊजींनी आज चार पोळ्या खाल्ल्या, मोजल्या मी. तेव्हा सव्वीस वर्षांत जावेला उलट शब्द न बोललेली द्रौपदा दारातून म्हणाली, "वाढल्या कोणी? नको म्हणत होते तर 'माझ्या हातचं नको का' कोण म्हणालं?"

मोतीलालने पंखा पुन्हा लावला. मग आतून एक कोरी फाईल आणली, तिच्यावर बारीक अक्षरात 'रुपचंद: डोळे' असं लिहिलं, आणि घसा साफ करून म्हणाला, "उद्याची रजा टाकतो. डॉक्टर साडेनऊला बसतात." हे त्याने फाईलकडे बघत म्हटलं. तीन वर्षांत रुपचंदसाठी त्याने आपणहून केलेली ही पहिली गोष्ट, आणि ती फाईलच असणार होती.

"भाऊ," रुपचंद म्हणाला, "मी मुद्दाम नाही केलं."

"कळलं," मोतीलाल म्हणाला. "खांबाला धडकलास तेव्हा लागलं का फार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं भावंडं दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणजे तिशीची एक मुलगी निघाली. मोतीलालने तिला आधी मोठे डॉक्टर केव्हा येतील असं विचारून घेतलं आणि मग तो दिवसभर ओशाळलेला राहिला. तिने रुपचंदच्या डोळ्यात थेंब टाकले, अर्धा तास बसवलं, बाहुल्या चिंचोक्याएवढ्या झाल्यावर अंधाऱ्या खोलीत नेऊन बराच वेळ आत बघितलं. रक्ताचा रिपोर्ट आला. साखर तीनशे दहा.

"थोडीशीच आहे," रुपचंद सवयीने म्हणाला.

"तुम्ही फोटोवाले ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मग सोपं आहे. डोळ्यात पुढे भिंग असतं आणि मागे पडदा, तुमच्या रोलसारखा. तुमचं भिंग ठीक आहे. मोतीबिंदू नाही. रोल खराब होतोय. साखरेनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या आधी झिरपतात, मग बंद पडतात. मग शरीर घाईघाईत नव्या काढतं, त्या कच्च्या असतात, फुटतात. आत रक्त उतरतं. तोच तुमचा दोरा."

"दुखलं कसं नाही?"

"दुखत नाही. म्हणूनच उशीर होतो. बरीच वर्षं काही कळतच नाही." तिने कागद ओढला. "नाशिकला लेसर आहे. पाच-सहा वेळा जावं लागेल. गेलेली नजर येणार नाही, ते आत्ताच सांगते. राहिलेली टिकावी म्हणून करायचं. आणि साखर ताब्यात आणली नाहीत तर तेही फुकट. घरात अजून कोणाचे डोळे गेलेत?"

"आमच्या मायचे," मोतीलाल म्हणाला. "पण ते धुराने. चुलीच्या."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "धुराने डोळे चुरचुरतात, पाणी येतं. पडदा नाही जात. त्यांची साखर कधी तपासली होती?"

साक्रीत, त्या काळी, पार्वताबाईची साखर!

"तहान फार लागायची का त्यांना?"

अक्काला घागर दिसली. माय दुपारभर घागरीशी बसायची, तांब्यावर तांब्या रिचवायची, आणि आत्या म्हणायची, हिच्या पोटात काय विहीर आहे का. पायाच्या अंगठ्याला काटा लागला होता, तो आठ महिने बरा झाला नव्हता. परसात ती जिथे लघवीला बसे, तिथे मुंगळे लागत, पोरं हसायची.

"फार," अक्का म्हणाली.

"आता मी न बघता खात्रीनं काय सांगू? पण माझं मत विचाराल तर तीही साखरच असावी. चुलीवर सगळं ढकलू नका."

मोतीलालने फाईलमध्ये नोंद केली. रुपचंदने डोळे पुसले, ते थेंबांमुळे. सत्तेचाळीस वर्षं अक्का एका मेलेल्या बाईच्या वाक्याला मनातल्या मनात उत्तरं शोधत होती, आणि ही पोरगी पेन दातात धरून ते वाक्यच खोडून बसली. अक्काला रडू येईल असं वाटलं. त्याऐवजी तिच्या तोंडून आत्याला उद्देशून अशी एक अस्सल खान्देशी शिवी निघाली, की मोतीलालच्या हातून फाईल पडली.

"काय म्हणालात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. आमच्या आत्याची आठवण झाली."

"बरं. तुम्हाला किती वर्षं आहे शुगर?"

"मला?" अक्का सावध झाली. "अकरा. पण माझं सगळं वेळेवर असतं. गोळी कधी चुकवलेली नाही. मला स्वच्छ दिसतं."

"यांनाही वर्षापूर्वी स्वच्छ दिसत होतं. डोळे कधी तपासले?"

अख्ख्या खानदानाला दात घासलेत का, नखं कापलीत का, असं विचारणाऱ्या अक्काने स्वतःचे डोळे एकदाही तपासले नव्हते. तिने बाकावर मागे डोकं टेकलं आणि वर बघितलं. थेंब झोंबले. शेजारी रुपचंद म्हणाला, "मिटी ले डोया. झोंबस जरासा." त्याच्या आवाजात मायेपेक्षा मजा जास्त होती.

तिच्याही पडद्यावर लाल ठिपके होते, थोडेच. लेसर लागणार नव्हतं, पण दर सहा महिन्यांनी दाखवायचं होतं, आणि डॉक्टरीणबाईंनी पोळ्यांचा विषय काढला तेव्हा अक्काला खरं सांगावं लागलं. दोन्ही भावांसमोर. हा त्या दिवशीचा सगळ्यात वाईट भाग होता, असं ती पुढे सांगायची.

रुपचंदला मोतीलाल नाशिकला घेऊन गेला. एकदा नाही, सहा वेळा. फाईलला दोन पुठ्ठे लागले. पहिल्या खेपेहून आल्यावर रुपचंद ओट्यावर बसून सगळ्यांना सांगत होता: "हनुवटी टेकवायला लावली. डॉक्टर म्हणतो, हलू नका. मग फ्लॅश. हिरवा! मग परत म्हणतो, हलू नका. परत फ्लॅश. असे पाचशे मारले. सव्वीस वर्षं मी लोकांना जे केलं, ते सगळं एका दुपारी फेडून घेतलं. हसा म्हणाला नाही, एवढंच."

"दुखलं का?" द्रौपदाने विचारलं.

"टोचल्यासारखं. शेवटी-शेवटी डोकं ठणकलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "बाहेर आल्यावर काहीच दिसेना. वाटलं, गेलं. भाऊने हात धरला होता. जिन्यापासून स्टँडपर्यंत सोडला नाही. म्हटलं, सोड, लोक बघताहेत. तर म्हणे, बघू दे."

पावसाळा सरेपर्यंत हिशोब स्पष्ट झाला. उजवा डोळा धुरकटच राहिला. त्याने माणूस आहे एवढं कळायचं, कोण ते नाही. डावा टिकला. दुकानाच्या पाट्या, नोटांवरचे आकडे, समोरच्याचं तोंड, सगळं त्याला डाव्याने दिसत होतं. बारीक फोकस मात्र जमेना. ते काम द्रौपदाने उचललं. सव्वीस वर्षं ती अंधाऱ्या खोलीत त्याचे फोटो धूत होती, तेव्हा चांगला फोटो कोणता ते तिला त्याच्याइतकंच कळायचं. बाई कॅमेरा घेऊन मंडपात आली की पहिला अर्धा तास लोक नवरीऐवजी तिच्याकडे बघत. "माना वळवा," ती खेकसायची, आणि रुपचंद मागून फ्लॅश धरायचा. तोतारामांनी धुळ्याला येऊन, जाकीट घालून, एकट्याचा फोटो काढून घेतला. डोकं पूर्ण आलं. त्यांना मात्र पोट जास्त आलंय असं वाटलं.

आणि अक्का? अक्का साक्रीला परतली आणि तिने हजेरी घ्यायला सुरुवात केली. ज्या घरात शुगरचं माणूस आहे, त्या घराच्या ओट्यावर ती जाऊन बसे. "डोळे तपासले?" "दिसतंय की, बाई." "दिसतंय म्हणूनच." निम्मी माणसं तिचीच विद्यार्थी होती, चाळिशीची, टक्कल पडलेली, आणि अजूनही तिच्यासमोर विडी लपवणारी. पिंपळनेरपर्यंत तिने दोन रविवार घालवले. शेवटी अकरा जणांचा घोळका जमला. एका मंगळवारी गावातल्या जीवरामच्या टेम्पोत भरून ती त्यांना धुळ्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन आली. रुपचंद तिथे आधीच येऊन उभा होता, मदतीला म्हणून.

अकरा जणांच्या डोळ्यात थेंब पडले. बारावी अक्का, तिचे सहा महिने भरले होते. जीवराम टेम्पोला टेकून चुना मळत होता.

"तुला नाही ना रे शुगर?" अक्काने सहज विचारलं.

"आहे की, बाई. नऊ वर्षं."

"मग तिकडे काय उभा आहेस? हो आत!"

जीवरामलाही थेंब पडले. तपासण्या संपल्या तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. चार जणांना नाशिकची चिठ्ठी मिळाली, त्यातली एक गुंताबाईला, जिला सगळ्यात स्वच्छ दिसत होतं. तिने ती घडी करून चोळीत ठेवली आणि अक्काकडे एकदा नुसतं बघितलं. मग सगळे बाहेर ओट्यावर आले आणि उन्हात डोळे मिटून, हात कपाळाशी धरून उभे राहिले. तेव्हा कुठे कोणाच्या तरी लक्षात आलं.

"बाई, गाडी कोण चालवणार?"

जीवरामने डोळे किलकिले करून आपला टेम्पो कुठे आहे ते शोधायचा प्रयत्न केला आणि दुसऱ्याच टेम्पोला हात लावला.

"संध्याकाळपर्यंत उतरतं," रुपचंद म्हणाला. "तोवर चहा घेऊ. समोर टपरी आहे, बिनसाखरेचा करून देतो तो. चला, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवा."

त्या दिवशी त्या ओट्यावर सगळ्यात जास्त दिसणारा माणूस तोच होता, एका डोळ्याचा. तो पुढे झाला. त्याच्या खांद्यावर जीवरामचा हात, जीवरामच्या खांद्यावर गुंताबाईचा, आणि अशी ती माळ रस्त्यात उतरली. अक्काला रांगेच्या पुढे चालायची सवय होती. तिने थोडं चाचपडून पाहिलं, मग जो खांदा हाताला लागला तो धरला. सगळं पांढरं, पाझरतं दिसत होतं, पुढे कुठेतरी रुपचंदचा आवाज होता, "दगड शे, पाय उचला... आते सरळ."

सुरतेकडचा एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढली. तेरा मोठी माणसं, लुगडी, टोप्या, एकामागे एक, डोळे मिटून रस्ता ओलांडत होती.

"अरे, कोणत्या शाळेची सहल ही?" तो ओरडला.

"साक्रीची," रुपचंदने हात वर करून त्याला थांबवत सांगितलं. "पहिलीचा वर्ग."

रांगेत हसू फुटलं. कोणाचा तरी हात खांद्यावरून सुटला.

"हात सोडू नका रे," अक्का मधूनच ओरडली. "पलीकडे गेल्यावर हसा."